निकाल चावडीवर, तपास वाऱ्यावर

धाराशिव : पहाटे फिरायला निघालेल्या माणसाइतका बेसावध माणूस दुसरा नसतो. त्याची वेळ ठरलेली असते, रस्ता ठरलेला असतो आणि सोबत असलीच तर घरातल्या एखाद्या माणसाची असते. दुकानांची दारे उघडलेली नसतात, रस्त्यावर वर्दळ नसते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यावर २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास पुण्यात ओंकारेश्वर मंदिरालगतच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर गोळ्या झाडण्यात आल्या, त्या वेळी ते फिरायलाच निघाले होते. ज्येष्ठ कम्युनिस्ट नेते कॉ. गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात हल्ला झाला, तोही सकाळच्या फेरफटक्यावरून घरी परतताना. पानसरे यांचे २० फेब्रुवारीला निधन झाले. झारखंडमधील धनबाद येथे २८ जुलै २०२१ रोजी जिल्हा न्यायाधीश उत्तम आनंद हे पहाटे रस्त्याच्या कडेने धावत असताना एका रिक्षाने त्यांना मागून उडविले.

अशी घटना घडली, की एकाच वेळी दोन तपास सुरू होतात. एक तपास पोलिस ठाण्याच्या दप्तरात चालतो. दुसरा चहाच्या टपरीवर, एसटी स्थानकात, कचेरीच्या मधल्या सुट्टीत आणि आता प्रामुख्याने मोबाइलच्या पडद्यावर चालतो. पहिल्या तपासाला पंचनामा, जबाब, न्यायवैद्यक अहवाल यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. दुसऱ्याला एक अस्पष्ट चित्रफीत आणि एक ठाम मत एवढे भांडवल पुरते. पहिला रखडला, की दुसऱ्याला जोर चढतो. धाराशिवसारख्या जिल्ह्याने या दोन्ही तपासांचा अनुभव घेतला असल्याने या हौशी शोधकार्याचे मोल आणि त्याची किंमत, दोन्ही तपासून पाहण्याची गरज आहे.

वाशीपर्यंत आलेला माग

बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून त्यांची निर्घृण हत्या करण्यात आली. या हत्येनंतर आरोपींनी शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील वाशी येथे आपली मोटार सोडून पळ काढल्याचे तपासात पुढे आले. वाशीतील सीसीटीव्ही कॅमेऱ्यांनी टिपलेली पळणाऱ्या तरुणांची दृश्ये पुढे वृत्तवाहिन्यांवरून घरोघरी पोहोचली. त्या दिवसांत मराठवाड्यातील क्वचितच एखादा मोबाइल असा असेल, की ज्यावर या प्रकरणातील एखादी चित्रफीत, एखाद्या आरोपीचे कोणा पुढाऱ्याबरोबरचे छायाचित्र किंवा एखादा ध्वनिसंदेश येऊन पडला नाही.

या लोकचर्चेने काही साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. प्रकरण दडपले जाईल ही भीती गावकऱ्यांना होती आणि ती निराधार नव्हती. गावकऱ्यांची आंदोलने, जिल्ह्याजिल्ह्यांतून निघालेले मोर्चे आणि सतत विचारले गेलेले प्रश्न यांमुळे तपास गुन्हे अन्वेषण विभागाकडे आणि विशेष तपास पथकाकडे गेला. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस आरोपपत्र दाखल झाले. मारहाणीची छायाचित्रे ३ मार्चला सार्वजनिक झाली आणि दुसऱ्याच दिवशी मंत्री धनंजय मुंडे यांना राजीनामा द्यावा लागला. जनमताचा रेटा नसता, तर हे सारे इतक्या वेगाने घडले असते काय, हा प्रश्न रास्त आहे.

मात्र याच काळात दुसरी बाजूही दिसली. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस, फरारी असलेल्या तिघांचीही हत्या झाली आहे, असे सांगणारे ध्वनिसंदेश एका सामाजिक कार्यकर्त्यांकडे आले आणि त्यावरून राज्यभर खळबळ उडाली. आठवडाभराने, ४ जानेवारी २०२५ रोजी त्या तिघांपैकी दोघांना पुण्यात जिवंत पकडण्यात आले. आरोपपत्र दाखल झाले तेव्हा तिसरा फरारीच होता. दरम्यानचे काही दिवस पोलिसांचे मनुष्यबळ आरोपींच्या शोधाबरोबरच त्या संदेशाच्या शोधातही खर्ची पडले. अफवेचे हे मोल कोणाच्याही हिशेबात धरले जात नाही.

याहून गंभीर गोष्ट आडनावांची झाली. संशय व्यक्तीवरून आडनावावर आणि आडनावावरून जातीवर घसरला. बीड जिल्ह्यात ही दरी इतकी रुंदावली, की पोलिस अधीक्षकांनी आपल्या कर्मचाऱ्यांच्या नामफलकांवरून आडनावे काढून टाकून केवळ नाव ठेवण्याचा उपाय योजला. एका हत्येचा तपास सुरू असताना वर्दीवरील आडनावही लपवावे लागावे, यातच चावडीवरच्या निकालाची जात कळून येते.

पवनराजे प्रकरणाचा धडा

धाराशिवकरांना हे चित्र नवे नाही. काँग्रेसचे नेते पवनराजे निंबाळकर आणि त्यांचे वाहनचालक यांची ३ जून २००६ रोजी कळंबोलीजवळ मोटारीत गोळ्या घालून हत्या झाली, तेव्हा हातोहाती मोबाइल नव्हते, चित्रफितीही नव्हत्या. तरीही जिल्ह्याच्या गावागावांत निकाल लागायला वेळ लागला नाही. ज्या गटाचा माणूस, त्या गटाचा निकाल. सुरुवातीचा तपास पुढे सरकेना, म्हणून निंबाळकर कुटुंबाने उच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे (सीबीआय) गेले. दुसऱ्याच एका गुन्ह्यात पकडलेल्या आरोपीच्या चौकशीतून धागा मिळाला आणि जून २००९ मध्ये तत्कालीन खासदार पद्मसिंह पाटील यांना अटक झाली. पाटील यांनी आपल्यावरील आरोप नाकारले. पुढे खटला मुंबईतील विशेष न्यायालयात वर्षानुवर्षे चालला. ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांची साक्ष जुलै २०१९ मध्ये, म्हणजे हत्येनंतर तेरा वर्षांनी झाली.

न्यायालय साक्षीपुरावे नोंदवत असताना जिल्ह्याने मात्र मतपेटीतून आपला कौल देऊन टाकला. लोकसभेच्या २०१९ च्या निवडणुकीत पवनराजे यांचे पुत्र ओमराजे निंबाळकर आणि पद्मसिंह पाटील यांचे पुत्र राणाजगजितसिंह पाटील समोरासमोर उभे ठाकले. २०२४ मध्ये ओमराजे यांच्यासमोर राणाजगजितसिंह यांच्या पत्नी अर्चना पाटील होत्या. दोन्ही वेळा ओमराजे विजयी झाले. प्रचारात जुन्या जखमेवरील खपली निघत राहिली. मतदाराने कोणाला निवडावे हा त्याचा अधिकार आहे. परंतु मताधिक्याने कोणी खुनी ठरत नाही आणि कोणी निर्दोषही ठरत नाही, एवढे भान या जिल्ह्याने दोन दशके जपले असते, तर घराघरांतील वैर थोडे तरी कमी झाले असते.

या प्रकरणातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. तपासाला दिशा मिळाली, ती गावगप्पांतून नव्हे. एका कुटुंबाने न्यायालयात नेटाने लावून धरलेली याचिका आणि दुसऱ्या गुन्ह्याच्या चौकशीत अनपेक्षितपणे हाती आलेला दुवा, या दोन गोष्टींनी ती मिळाली.

व्यावसायिकही चुकतात, तर हौशींचे काय?

दाभोलकर प्रकरणाचा तपास हा तर महाराष्ट्रातील प्रत्येक हौशी शोधकाने अभ्यासावा असा धडा आहे. हत्या झाली त्याच दिवशी राज्यात अंगुलिनिर्देश सुरू झाले. तत्कालीन मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी गांधीहत्येमागील प्रवृत्तींचा उल्लेख केला. दुसऱ्या बाजूने, वैयक्तिक वैमनस्यापासून संस्थेच्या पैशापर्यंत नाना तर्क पसरविण्यात आले. पोलिसांनी संशयितांची रेखाचित्रे प्रसिद्ध केली आणि त्या रेखाचित्रांशी साम्य असणारे चेहरे लोकांना सर्वत्र दिसू लागले.

जानेवारी २०१४ मध्ये दोन शस्त्रविक्रेत्यांना या प्रकरणात अटक झाली. त्यांच्याविरुद्ध मुदतीत आरोपपत्रच दाखल होऊ शकले नाही आणि ते जामिनावर सुटले. मे २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपविला. जुलै २०१४ मध्ये एका इंग्रजी साप्ताहिकाने, पोलिसांनी तपासात प्लँचेटचा आधार घेतल्याचा आरोप केला. तत्कालीन पोलिस आयुक्तांनी तो फेटाळला. ज्या माणसाने आयुष्यभर अंधश्रद्धेशी लढा दिला आणि ज्याच्या हत्येनंतर अवघ्या काही दिवसांत राज्याला जादूटोणाविरोधी वटहुकूम काढावा लागला, त्याच्याच मारेकऱ्यांच्या शोधाबाबत असा आरोप व्हावा, याहून विदारक विरोधाभास कोणता असू शकतो?

पुढचा टप्पा अधिक बोलका आहे. २०१६ मध्ये सीबीआयने पहिले आरोपपत्र दाखल केले. गोळ्या झाडणारे म्हणून त्यात दोन फरारी व्यक्तींची नावे होती. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये नालासोपारा येथे दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस) शस्त्रसाठा पकडला. त्या प्रकरणाच्या चौकशीतून सचिन अंदुरे आणि शरद कळसकर ही दोन निराळी नावे पुढे आली आणि गोळ्या झाडणारे हेच होते, अशी भूमिका त्याच यंत्रणेने घेतली. पुण्याच्या विशेष न्यायालयाने १० मे २०२४ रोजी या दोघांना दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. अन्य तिघांची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता झाली.

या क्रमातील अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. प्रशिक्षित अधिकारी, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, दूरध्वनींचे तपशील मागविण्याचे अधिकार आणि कोठडीतील चौकशी, एवढी साधने हाताशी असलेल्या देशातील प्रमुख तपास यंत्रणेलाही मारेकऱ्यांच्या नावांबाबतची आपली भूमिका दोन वर्षांत बदलावी लागली. मग तीस सेकंदांची चित्रफीत पाहून ‘हाच तो’ असे ठणकावून सांगणाऱ्याच्या निष्कर्षाला कितीसे वजन द्यायचे? यंत्रणेची भूमिका चुकली, तर ती बदलण्यासाठी पुरवणी आरोपपत्राची तरतूद असते आणि ती तपासण्यासाठी न्यायालय असते. चावडीवर एकदा घेतलेले नाव मात्र परत घेतले जात नाही.

निकालपत्रात विशेष न्यायाधीशांनी तपासातील उणिवांवरही बोट ठेवले. हत्येमागील मुख्य सूत्रधार वेगळेच असून त्यांना उजेडात आणण्यात तपास यंत्रणांना अपयश आले, अशा आशयाची नोंद त्यांनी केली. गोळ्या कोणी झाडल्या, या प्रश्नाचे उत्तर विशेष न्यायालयाने दिले. त्या कोणाच्या सांगण्यावरून झाडल्या, हा प्रश्न हत्येनंतर जवळपास अकरा वर्षांनी लागलेल्या त्या निकालानेही अनुत्तरितच ठेवला. जनतेच्या मनातील अस्वस्थतेचे मूळ येथे आहे आणि ती अस्वस्थता अयोग्य म्हणता येणार नाही.

ओळख परेडीचे गणित

हौशी शोधामुळे खटल्याचे नुकसान कसे होते, हे समजून घेण्यासाठी न्यायालयातील पुराव्याची रीत पाहावी लागते. मारेकरी अनोळखी असेल आणि त्याला प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार असेल, तर संशयिताची ओळख परेड घेतली जाते. दिसायला साधारण सारख्या अशा अनेक व्यक्तींमध्ये संशयिताला उभे केले जाते आणि साक्षीदाराने त्याला ओळखायचे असते. या परेडीचे सारे मोल एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. घटनेनंतर आणि परेडीपूर्वी साक्षीदाराने संशयिताचा चेहरा पाहिलेला नसला पाहिजे. तो चेहरा दहा गटांतून साक्षीदाराच्या मोबाइलवर आधीच येऊन गेला असेल, तर बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. साक्षीदाराने घटनास्थळी पाहिलेला माणूस ओळखला की छायाचित्रातला, या शंकेचा फायदा आरोपीला मिळतो. ज्याला शिक्षा व्हावी म्हणून छायाचित्र पुढे पाठविले, त्याच्याच सुटकेची वाट त्याने मोकळी होते.

चित्रफितीचेही तसेच आहे. मूळ उपकरणातून नियमानुसार घेतलेली प्रत आणि हातोहात फिरत आलेली प्रत यांत न्यायालय फरक करते. यासंबंधीचा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निवाडा मराठवाड्याच्याच मातीतून आलेला आहे. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीचा वाद अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेला. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातील सीसीटीव्ही चित्रण पुरावा म्हणून ग्राह्य कसे धरायचे, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. मूळ उपकरण न्यायालयात हजर करता येत नसेल, तर विहित प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक प्रत पुरावा म्हणून स्वीकारता येणार नाही, असे १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट कायम आहे. त्या प्रमाणपत्रात फाइलचे ‘हॅश’ मूल्य, म्हणजे तिच्यात तसूभरही बदल झाला तर उघड करणारी अंकखूण, नोंदवावी लागते. कापलेली, संगीत चढविलेली, लाल वर्तुळे काढलेली चित्रफीत या कसोटीवर टिकत नाही.

धनबादच्या प्रकरणात चित्रफितीचा उपयोग आणि तिची मर्यादा, दोन्ही दिसतात. न्यायाधीश आनंद यांना उडविणारी रिक्षा मोकळ्या रस्त्यावरून अचानक कडेकडे वळल्याचे सीसीटीव्हीत दिसले, ते दृश्य देशभर पाहिले गेले आणि हा साधा अपघात नसावा, ही शंका बळावली. सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली, तपास सीबीआयकडे गेला आणि बरोबर एका वर्षाने, २८ जुलै २०२२ रोजी रिक्षातील दोघांना न्यायालयाने खुनासाठी दोषी ठरविले. चित्रफितीने प्रश्न उभा केला, उत्तर साक्षीपुराव्यांनी दिले. त्या दृश्यावरून लोकांनी मोठ्या कटकारस्थानांच्या ज्या कथा रचल्या, त्यांच्यासाठी मात्र त्या चित्रफितीत काहीच नव्हते.

संशयाची शिक्षा कोण भोगतो?

चुकीच्या संशयाची किंमत बहुधा ज्याच्यामागे कोणी उभे नाही, त्यालाच मोजावी लागते. अमेरिकेतील बोस्टन शहरात एप्रिल २०१३ मध्ये मॅरेथॉन शर्यतीच्या वेळी बॉम्बस्फोट झाले, तेव्हा इंटरनेटवरील हजारो हौशी शोधकांनी गर्दीची छायाचित्रे चाळून संशयित शोधण्याचा घाट घातला. त्यांनी ज्याच्यावर बोट ठेवले, तो भारतीय वंशाचा, काही आठवड्यांपासून बेपत्ता असलेला एक विद्यार्थी होता. त्याचा स्फोटांशी काडीचाही संबंध नव्हता. पुढे त्याचा मृतदेह सापडला. मुलाच्या शोधात असलेल्या कुटुंबाला त्याच दिवसांत दहशतवाद्याचे कुटुंब म्हणून शिव्याशाप सोसावे लागले.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे, म्हणजे धाराशिवला लागून असलेल्या मुलखातले. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांनी संशय पेरला होता आणि जमावाने तपास, खटला व शिक्षा काही मिनिटांत उरकली. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. संदेशाचा वेग त्यामुळे कमी झाला असेल. संशय घेण्याची वृत्ती तांत्रिक उपायाने कमी होत नाही.

अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्या जून २०२० मधील मृत्यूनंतर हाच प्रकार देशाने दिवाणखान्यात बसून अनुभवला. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर महिनोन्‌महिने खटला चालला, एका तरुण अभिनेत्रीला लोकांनी खुनी ठरवून टाकले. अशा माध्यमखटल्यांमुळे न्यायदानात अडथळा येतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ च्या निकालात बजावले. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने या प्रकरणात तपासबंदीचा अहवाल सादर केला. तोवर संबंधितांच्या आयुष्यातील जवळपास पाच वर्षे गेली होती आणि निकाल देऊन मोकळ्या झालेल्या प्रेक्षकांना या अहवालाची दखल घेण्याचेही कारण उरले नव्हते.

पोकळी कोण भरणार?

लोकांना गप्प बसविणे, हा यावरचा उपाय होऊ शकत नाही. लोक बोलतात, कारण यंत्रणा बोलत नाही. महिनोन्‌महिने ‘तपास सुरू आहे’ या तीन शब्दांपलीकडे काही कळत नसेल, तर रिकाम्या जागेत अफवा शिरणारच. आणि ज्या दिवशी यंत्रणा बोलते, त्या दिवशी पुष्कळदा निनावी ‘सूत्रां’च्या आडून निवडक तपशील झिरपवते. म्हणजे अफवांचा एक उगम पोलिस ठाण्यातही असतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये, पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी याची मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्याचे निर्देश केंद्रीय गृह मंत्रालयाला दिले, ते याच कारणाने.

कायद्याने एक पाऊल पुढे टाकले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळविणे पोलिसांवर बंधनकारक झाले आहे. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी भेट देण्याची तरतूदही कलम १७६ मध्ये आहे आणि तिच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. ९० दिवसांच्या आतील ते पत्र केवळ औपचारिक दोन ओळींचे राहिले, तर तरतूद कागदावरच राहील. ते अर्थपूर्ण असेल, तर मृताच्या कुटुंबाला बातमीसाठी मोबाइलकडे पाहावे लागणार नाही.

नागरिकांची भूमिका काय असावी, याचे उत्तर दाभोलकर आणि पानसरे यांच्या माणसांनी कृतीतून दिले आहे. त्यांच्या मनात संशयितांविषयी मते नव्हती असे नाही. परंतु त्यांनी आपली शक्ती न्यायालयीन देखरेखीची मागणी लावून धरण्यात खर्च केली. त्यामुळेच उच्च न्यायालयाने वर्षानुवर्षे तपासाचे अहवाल मागविले आणि दाभोलकर प्रकरणी ही देखरेख एप्रिल २०२३ पर्यंत चालली. पानसरे प्रकरणाचा तपास ऑगस्ट २०२२ मध्ये एटीएसकडे सोपविला गेला, तोही कुटुंबीयांच्या पाठपुराव्यामुळे. पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते दर महिन्याच्या २० तारखेला त्याच पुलावर जमत राहिले. कोल्हापुरात ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ निघाले. त्या पदयात्रांतून कोणा एकाला फासावर चढविण्याचा निवाडा दिला जात नव्हता. शासनाला प्रश्न विचारला जात होता आणि उत्तर मिळेपर्यंत तो विचारला जात राहील, एवढेच बजावले जात होते.

वाशी, कळंब, तुळजापूर, परंडा येथील रहिवाशाला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या दुकानासमोरच्या कॅमेऱ्यात काही टिपले गेले असेल, तर ते मूळ स्वरूपात जपून पोलिसांच्या स्वाधीन करावे आणि त्याची पोच घ्यावी. बहुतेक यंत्रांत काही दिवसांनी जुन्या चित्रणावर नवे चित्रण आपोआप चढते. ते चढण्यापूर्वी मूळ प्रत वेगळी काढून ठेवणे हे दहा संदेश पुढे पाठविण्यापेक्षा मोलाचे काम आहे. कोणाला काही ठाऊक असेल, तर ते ११२ वर किंवा पोलिस अधीक्षकांकडे कळवावे आणि दखल घेतली गेली नाही, तर लेखी तक्रार करून न्यायालयाची पायरी चढावी. साक्षीदाराचे नाव, गाव, छायाचित्र कदापि पुढे पाठवू नये. त्याला उद्या पिंजऱ्यात उभे राहायचे असते आणि त्याआधी व त्यानंतर त्याच गावात राहायचेही असते.

पहाटेच्या त्या पुलावर आजही माणसे फिरायला येतात. धाराशिव शहरातही येडशी आणि तुळजापूरच्या रस्त्याने पहाटे पावले वाजतात. बेसावधपणे फिरता येणे ही सुरक्षित समाजाची साधी खूण आहे. ज्यांच्याकडून ती हिरावली गेली, त्यांच्या मारेकऱ्यांना शिक्षा व्हायला हवी, पण ती टिकणाऱ्या पुराव्यावर. तपास यंत्रणांनी वेळेत आणि उघडपणे काम केले, तर चावडीला निकाल देण्याचे निमित्त उरणार नाही. आणि यंत्रणा कुचराई करीत असतील, तर ‘मारेकरी कोण’ हे परस्पर ठरवून टाकण्याआधी ‘तपास कोठवर आला’ हा प्रश्न विचारण्याची सवय समाजाला लावून घ्यावी लागेल. दाभोलकर प्रकरणातील सूत्रधारांचा प्रश्न अनुत्तरित राहिला, ही नोंद खुद्द न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. त्याचे उत्तर मागणे हे कोणत्याही हौशी तर्कापेक्षा अधिक निकडीचे आहे.